जड असूनही तरंगतं, हलकं असूनही बुडतं : घनता आणि प्लावक बल शिकवताना



आजच्या पाठाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करते.

काही वर्षांपूर्वी सहावीच्या घटक चाचणीत मी एक गाळलेली जागा दिली होती : ‘जड वस्तू पाण्यात ______.’ मला अपेक्षित उत्तर होतं ‘बुडतात’. एका मुलाने लिहिलं, ‘बुडतात किंवा तरंगतात’. मी लाल पेनने फुली मारली आणि पुढच्या पेपरकडे वळले.

मधल्या सुट्टीत तो पेपर घेऊन आला. म्हणाला, “बाई, आमच्या मळ्यातल्या विहिरीत आंब्याचं वाळलेलं खोड पडलंय. दोन माणसांना उचलत नाही. पण ते वर तरंगतंय. आणि आमच्या तात्यांची मोटरच्या पेटीची किल्ली पडली, ती तळाला गेली. मग माझं चूक कसं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण चूक त्याची नव्हतीच. माझा प्रश्नच चुकीचा होता. त्याने विहिरीत जे रोज पाहिलं तेच लिहिलं, आणि मी त्याच्या निरीक्षणावर फुली मारली. त्याचा गुण मी दिला, वर्गासमोर माझी चूकही सांगितली. पण ‘जड बुडतं, हलकं तरंगतं’ हे वाक्य मुलांच्या डोक्यातून काढायला नुसती कबुली पुरत नाही. त्यासाठी मी हा पाठ पुन्हा नव्याने बांधला. पाचवी ते आठवी कुठेही थोडाफार बदल करून घेता येतो. घरी पालकांनाही करता येईल, कारण सामान सगळं स्वयंपाकघरातलंच आहे.

१. आधी अंदाज, मग पाणी

एक मोठा टब किंवा घमेलं पाण्याने भरा. मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगा : वस्तू, माझा अंदाज, काय झालं. अंदाज लिहिल्याशिवाय कोणतीही वस्तू पाण्यात टाकायची नाही, हा नियम मात्र कडक ठेवा. अंदाज लिहिला की मूल त्या उत्तराला बांधलं जातं, आणि तो चुकला की खरा प्रश्न पडतो.

मी घेते त्या वस्तू : कलिंगड, एक रुपयाचं नाणं, सफरचंद, द्राक्ष, बटाटा, मेणबत्ती, खिळा, संत्रं, पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि त्याच बाटलीचा कापलेला तुकडा.

तीन-चार किलोचं कलिंगड पाण्यावर डुलायला लागतं आणि चार ग्रॅमचंही नसलेलं नाणं सरळ तळ गाठतं. वर्गात एकच गलका होतो. सफरचंद तरंगतं, त्याच्यापेक्षा कितीतरी हलकं द्राक्ष बुडतं. बाटलीचं झाकण तरंगतं, पण बाटलीचा तुकडा बुडतो, आणि मुलांच्या भाषेत दोन्ही ‘प्लॅस्टिकच’. मग संत्रं. सालीसकट टाकलं तर तरंगतं. सोलून टाकलं तर बुडतं! साल काढल्यावर वजन तर कमी झालं, मग बुडलं कसं?

या टप्प्यावर उत्तर देण्याची घाई करू नका. मुलं आपापसात भांडू देत. कोणीतरी म्हणेल, “सालीत हवा असते.” कोणी म्हणेल, “साल जाडी आहे, पण हलकी आहे.” फळ्यावर सगळं लिहून ठेवा, पुसू नका. शेवटी याच वाक्यांकडे परत यायचं आहे.

२. घनता : ‘तेवढ्याच जागेत किती?’

घनतेची व्याख्या (वस्तुमान भागिले आकारमान) मुलं पाठ करतात, पण त्यांना ती जाणवत नाही. मी असं करते. एकसारख्या तीन वाट्या घ्यायच्या. एकीत मुरमुरे, दुसरीत पाणी, तिसरीत वाळू. तिन्ही काठोकाठ. मुलांनी डोळे मिटून एकेक वाटी हातात धरायची. वाटी तेवढीच, जागा तेवढीच, पण हाताला लागणारा भार वेगळा. “तेवढ्याच जागेत किती माल भरलाय?” या प्रश्नाचं उत्तर म्हणजे घनता. हे वाक्य मुलांना समजतं, सूत्र नंतर दिलं तरी चालतं.

पाण्याचा हिशोब फार सोयीचा आहे. १ घन सेंटिमीटर पाणी जवळजवळ १ ग्रॅम, १ लिटर पाणी जवळजवळ १ किलो. म्हणून पाण्याची घनता १ धरली की बाकीच्यांची तुलना सोपी होते. एका घन सेंटिमीटरला किती ग्रॅम, हे असं :

मेण – सुमारे ०.९
बर्फ – ०.९२
खाद्यतेल – सुमारे ०.९२
पाणी – १
समुद्राचं पाणी – सुमारे १.०३
ॲल्युमिनियम – २.७
लोखंड – ७.९
तांबं – ९
पारा – १३.६
सोनं – १९.३

हा तक्ता पाठ करून घ्यायचा नाही. तक्त्यात पाण्याच्या ओळीखाली एक जाड रेघ मारायची. रेघेच्या वरचे पदार्थ पाण्यावर तरंगतात, खालचे बुडतात. मग विचारायचं, “लोखंडाचा खिळा पाऱ्यात टाकला तर?” मुलं आता रेघ पाऱ्याच्या वर-खाली सरकवून बघतात आणि स्वतःच सांगतात, तरंगेल. (हे फक्त तोंडी. पारा विषारी आहे, तो वर्गात आणायचा नाही.)

रस्सा-भाजीवरचा तवंग, म्हणजे आपली तर्री, वरच का येते, हे आता घरातला कोणीही लहान मुलगा सांगेल. याच्याशी जोडलेली एक सुरक्षेची गोष्टही सांगून टाका : कढईतल्या तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. पाणी तेलाच्या खाली जातं, तिथे क्षणात उकळून वाफ होतं आणि पेटलेलं तेल चहूकडे उडवतं. गॅस बंद करून वर घट्ट झाकण ठेवायचं.

३. पाणी वर का ढकलतं?

घनतेवर थांबलो तर पाठ अर्धाच राहतो. मुलाला ‘काय होतं’ हे कळतं, ‘का होतं’ हे कळत नाही. म्हणून पुढे पोहऱ्याकडे जायचं.

ज्यांनी आडातून पाणी शेंदलंय त्यांना विचारा. भरलेला पोहरा पाण्यात असतो तोवर दोर हलका लागतो. पोहरा पाण्याच्या वर आला की एकदम हाताला ओढ बसते. पोहरा तोच, पाणी तेवढंच. मग आधी कोण मदत करत होतं? विहिरीचं पाणी. ते पोहऱ्याला खालून वर ढकलत होतं. या वर ढकलणाऱ्या बलालाच पुस्तकात ‘प्लावक बल’ म्हणतात.

आता हे बल किती? यासाठी मला सर्वात उपयोगी पडली ती दुधाची रिकामी पिशवी. पिशवीत पाणी भरा, हवा पूर्ण काढून तोंड बांधा आणि बादलीत सोडा. पिशवी जिथे सोडाल तिथेच जवळजवळ अधांतरी राहते. बाहेर तीच पिशवी अर्धा किलोची होती, मग तिचं वजन कोणी तोललं? आजूबाजूच्या पाण्याने. म्हणजे अर्धा किलो पाण्याच्या जागेला भोवतालचं पाणी बरोबर अर्ध्या किलोचा आधार देतं.

आता कल्पना करा की त्या पिशवीच्या जागी तेवढ्याच आकाराचा दगड ठेवला. भोवतालच्या पाण्याला कुठे माहीत, आत पाणी आहे की दगड? ते पूर्वीइतकंच ढकलणार, अर्ध्या किलोएवढं. दगड त्याहून जड, म्हणून खाली जातो. तेवढ्याच आकाराचा लाकडाचा तुकडा त्याहून हलका, म्हणून वर येतो. आर्किमिडीजचं तत्त्व एवढंच सांगतं : वस्तूने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बल वस्तूला वर ढकलतं.

सातवी-आठवीच्या मुलांना आकड्यांनी पटवायचं असेल तर १० सेंमी बाजूचा घन घ्या. त्याचा वरचा पृष्ठभाग पाण्यात १० सेंमी खोल, खालचा २० सेंमी खोल. वरच्या पृष्ठभागावर उभा असलेला पाण्याचा स्तंभ १ लिटरचा, म्हणजे १ किलोचा दाब खाली. खालच्या पृष्ठभागाच्या पातळीवर तेवढ्याच रुंदीचा स्तंभ २ लिटरचा, म्हणून तिथलं पाणी २ किलोच्या जोराने वर ढकलतं. वजाबाकी केली की १ किलो उरतं. आणि घनाने सारलेलं पाणी? बरोबर १ लिटर, म्हणजे १ किलो! घन आणखी खोल नेला तरी फरक तेवढाच राहतो, हेही मुलांना करून बघू द्या.

४. दगड, दोरा आणि दोन काटे

प्रयोगासाठी स्प्रिंग काटा आणि दोरा बांधलेला काळा दगड घ्या. आपल्याकडचा काळा पाषाण पाण्याच्या पावणेतीन ते तीन पट घनतेचा असतो. समजा हवेत काटा २८० ग्रॅम दाखवतो. काठोकाठ भरलेल्या भांड्यात दगड पूर्ण बुडवला की काटा सुमारे १८० दाखवेल आणि बाहेर सांडलेलं पाणी मोजलं तर ते १०० ग्रॅमच्या आसपास भरेल. दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे होतील, होऊ द्या. आकडा ‘बसवू’ नका.

आता माझा आवडता भाग. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. दगड दोऱ्याने हातात धरूनच पाण्यात बुडवा, तळाला टेकवायचा नाही. विचारा : काट्यावर काही दिसेल का? बहुतेक मुलं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक मोठी माणसंही, म्हणतात, “नाही, दगड तर आपण धरलाय.” काटा मात्र १०० ग्रॅम दाखवतो! पाणी दगडाला १०० ग्रॅमइतकं वर ढकलतं, म्हणून दगडही पाण्याला तेवढंच खाली ढकलतो. दगड तळाला टेकवून दोरा सैल सोडला की २८० होतात. या एका प्रयोगात क्रिया-प्रतिक्रिया आणि प्लावक बल दोन्ही येतात.

५. मुकुटाची गोष्ट सांगताना

सिरॅक्यूजच्या हायरो राजाचा मुकुट, न्हाणीतून ‘युरेका’ ओरडत पळालेला आर्किमिडीज ही गोष्ट आपण सगळेच सांगतो. सांगावी, मुलांना आवडते. पण ती लिहिली व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने, आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर जवळपास दोनशे वर्षांनी. तरंगणाऱ्या वस्तूंवरचा आर्किमिडीजचा स्वतःचा ग्रंथ आहे, त्यात न्हाणीची गोष्ट नाही. आहेत ती सिद्धांतांची काटेकोर विधानं.

आणखी एक गंमत. समजा मुकुट १ किलोचा आहे. शुद्ध सोन्याचा असेल तर त्याचं आकारमान सुमारे ५२ घन सेंमी. त्यात ३०० ग्रॅम चांदी मिसळली असेल तर सुमारे ६५. फरक १३ घन सेंमी. २० सेंमी रुंद तोंडाच्या भांड्यात यामुळे पाण्याच्या पातळीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडत नाही. एवढा बारीक फरक डोळ्यांनी कसा पकडणार? हीच शंका गॅलिलिओने तरुणपणी, १५८६ च्या सुमारास लिहून ठेवली होती. त्याचं म्हणणं, आर्किमिडीजने तराजू आणि प्लावक बल वापरलं असावं. तराजूच्या एका पारड्यात मुकुट, दुसऱ्यात तेवढंच सोनं, आणि दोन्ही पाण्यात बुडवले तर १३ ग्रॅमचा फरक पडतो. तो चांगला तराजू सहज दाखवतो. आठवीच्या मुलांना हे गणित द्या. ऐकलेली गोष्टही आकड्यांनी तपासता येते, हे त्यांना यातून कळतं.

६. मग लोखंडी जहाज का तरंगतं?

हा प्रश्न दरवर्षी येतोच. उत्तर एका स्टीलच्या वाटीत आहे. समजा वाटीचं वजन ८० ग्रॅम आणि तिच्यात २०० मिली पाणी मावतं. रिकामी वाटी पाण्यावर अलगद ठेवली की ती ८० मिली पाणी बाजूला सारेपर्यंत खाली जाते आणि तिथे थांबते. आता तिच्यात हरभरे टाकत जा. साधारण १२०–१३० ग्रॅमपर्यंत ती पेलते, मग काठावरून पाणी आत येतं आणि बुडते. तीच वाटी तिरकी करून सोडली तर रिकामीच बुडते.

म्हणजे बघायची ती नुसत्या पोलादाची घनता नाही, तर पोलाद, आतली हवा, माल, माणसं या सगळ्यांची मिळून सरासरी घनता. कोचीत बांधलेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस विक्रांत’ सुमारे ४५,००० टनांची आहे, असं आपण वाचतो. युद्धनौकेच्या या आकड्याला ‘विस्थापन’ म्हणतात, म्हणजे तिने बाजूला सारलेलं पाणी! तरंगणाऱ्या नौकेचं वजन आणि तिने सारलेल्या पाण्याचं वजन एकच असतं. पाणबुडी हेच उलटसुलट करते : टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी घेते तेव्हा सरासरी घनता वाढून खाली जाते, दाबाखालच्या हवेने ते पाणी बाहेर काढते तेव्हा वर येते.

जहाजात किती माल भरायचा, यालाही इथेच मर्यादा येते. १९व्या शतकात ब्रिटनमध्ये मालक जहाजं क्षमतेबाहेर भरत आणि खलाशी जिवानिशी जात. सॅम्युअल प्लिमसॉल या खासदाराने त्याविरुद्ध लढा दिला आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या बाजूवर भाररेषेची खूण सक्तीची झाली. आज त्या खुणेत गोड्या पाण्याची आणि समुद्राची रेघ वेगळी असते, कारण खाऱ्या पाण्यातून नदीत शिरलं की तेच जहाज थोडं जास्त खोल बसतं.

पण तरंगणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे, हेही सांगा. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कित्येक घरांत ती आठवण अजून सांगितली जाते. बोट कलली की हवेच्या जागी पाणी शिरतं, सरासरी घनता वाढते आणि तरंगणारं पोलाद पुन्हा नुसतं पोलाद होतं. तिरक्या वाटीचा प्रयोग म्हणूनच चुकवू नका.

७. मिठाचं पाणी : अंडं आणि भाताचं बियाणं

ताजं अंडं साध्या पाण्यात बुडतं. २०० मिली पाण्यात मीठ घालत गेलं की साधारण ३० ग्रॅमच्या पुढे ते वर येऊ लागतं. अंडं बदललेलं नाही, पाण्याची घनता वाढली. हा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. पण तो शेतात रोजच्या कामाचा आहे, हे मुलांना माहीत नसतं.

भात पेरण्याआधी बियाण्याला तीन टक्के मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करतात : १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. त्यात बियाणं टाकून ढवळलं की पोचट आणि हलके दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाला राहिलेले भरीव दाणे चांगल्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवायचे आणि पेरायचे. नुसत्या पाण्यात जो अर्धवट भरलेला दाणा तळाला जाऊन फसवतो, तो मिठाच्या पाण्यात वर येतो. ज्यांच्या घरी भात आहे त्या मुलांना हे घरी विचारून यायला सांगा. आजी-आजोबा त्या दिवशी विज्ञानाचे शिक्षक होतात.

दूध संकलन केंद्रावरचा दुग्धतामापीही असाच. दुधाची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, १.०३ च्या आसपास. पाणी घातलं की घनता उतरते आणि मापी खोल जातो. पण साय काढून घेतली की घनता वाढते, मग पाणी घालून ती पुन्हा जागेवर आणता येते. म्हणून केंद्रावर नुसत्या मापीवर न थांबता फॅटही तपासतात.

८. शेततळं आणि पाच लिटरचा कॅन

आता ज्या भागासाठी मी हा पाठ मुळात लिहायला घेतला, तिकडे येते.

आमच्या भागात गेल्या काही वर्षांत शेततळी झाली. त्यांना आत प्लॅस्टिकचा कागद असतो. कागद ओला झाला की शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीचा पोहणाराही काठ चढू शकत नाही. सुट्टीत मुलं तिथे जातात. पुढे काय होतं, ते आपण दर उन्हाळ्यात पेपरात वाचतो.

आपलं शरीर पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ आहे. छातीत पूर्ण श्वास भरलेला असेल तर पाण्यापेक्षा जेमतेम हलकं, श्वास सोडला की बहुतेकांचं थोडं जड. म्हणजे आपण तरंगतो ते काठावर पास झाल्यासारखं. घाबरलेला माणूस हात वर करून ओरडतो. हात पाण्याबाहेर आले की तेवढं पाणी सारलं जात नाही, प्लावक बल कमी होतं आणि डोकं खाली जातं. उताणं होऊन, हात पाण्यातच पसरून, छातीत श्वास ठेवला तर नाक-तोंड वर राहू शकतं. हे मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, पोहायला शिकवणाऱ्याकडूनच शिकायचं. वाचून करून बघायचं नाही.

पूर्वी पोहायला शिकताना पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधत, नंतर पत्र्याचा डबा आला. वर्गात मी हिशोब दिला : पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावलेला, वजन पाव किलो. तो पूर्ण पाण्याखाली दाबला तर किती जोराने वर येईल? मुलांनी काढलं : सारलेलं पाणी ५ किलो, कॅनचं वजन ०.२५, उरले ४.७५ किलो. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. म्हणजे कॅन छातीशी कवटाळला तर डोकं पाण्यावर ठेवायला जेवढा आधार लागतो, जवळजवळ तेवढा हा घरातला फेकून द्यायचा कॅन देतो. माणूस यायला वेळ मिळतो.

एका मुलीने विचारलं, “बाई, रिकामा कॅन लांब फेकला तर वाऱ्याने भलतीकडेच जाईल ना?” बरोबर होतं तिचं. आम्ही मैदानावर फेकून पाहिलं. आत पाव-अर्धा लिटर पाणी घातलं की कॅन नेमका आणि लांब जातो. आधार तेवढ्या पाण्याइतका, म्हणजे पाव-अर्धा किलोने कमी होतो, तरी चार किलोच्या वर उरतोच. हे तिने स्वतः फळ्यावर मांडलं.

त्या पाठाचा गृहपाठ असा होता : ज्यांच्या शेतात शेततळं किंवा विहीर आहे त्यांनी घरच्यांना घेऊन एका कॅनला लांब दोर बांधायचा आणि तो काठावरच्या खांबाला टांगून ठेवायचा. आणि तीन वाक्यं पाठ करायची : आधी मोठ्याने ओरडा. मग कॅन आणि दोर फेका. स्वतः उडी मारायची नाही.

विहिरीतल्या खोडाचं सांगणारा तो मुलगा दुसऱ्या दिवशी सर्वात आधी आला. म्हणाला, “दोन टांगले बाई. एक आमच्या तळ्यावर, एक शेजारच्या तात्यांच्या.” त्या वर्षी मी तपासलेल्या गृहपाठांपैकी हाच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

९. नेहमी होणाऱ्या चुका

• ‘तरंगणाऱ्या वस्तूवर प्लावक बल वजनापेक्षा जास्त असतं.’ नाही. स्थिर तरंगताना दोन्ही सारखे असतात. वस्तू पाण्याखाली दाबून सोडल्यावर वर येते तेव्हाच ते जास्त असतं.
• ‘बुडालेल्या वस्तूवर प्लावक बल नसतं.’ असतं. पोहरा आठवा.
• ‘पाणी जास्त असेल तर वस्तू जास्त तरंगते.’ घमेलं असो की तलाव, वस्तू पूर्ण मोकळी राहील एवढं पाणी असलं की पुरे.
• ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला गोळा ‘बुडायला हवा’, पण वर्गात तरंगतो. घड्यांत हवा अडकलेली असते. घडी घालत, पक्कडीने दाबत हवा काढा, मग बुडतो. प्रयोग फसला म्हणून लपवू नका, तिथेच खरा पाठ आहे.
• पाण्यावर अलगद ठेवलेली सुई तरंगते ती पृष्ठताणामुळे. हे उदाहरण या पाठात मिसळू नका.

१०. शेवटी तपासायला चार प्रश्न

१) काठोकाठ भरलेल्या ग्लासात बर्फ तरंगतो आहे. वितळल्यावर पाणी सांडेल का? (नाही. बर्फाने सारलेल्या पाण्याचं वजन बर्फाइतकंच होतं, वितळून तो तेवढीच जागा घेतो.)
२) सोललेलं संत्रं का बुडालं? (सालीच्या सच्छिद्र भागातली हवा गेली. वजन थोडं कमी झालं, पण आकारमान त्या मानाने जास्त कमी झालं.)
३) १ किलो लोखंड आणि १ किलो ॲल्युमिनियम, दोन्ही पाण्यात बुडवले. प्लावक बल कोणावर जास्त? (ॲल्युमिनियमवर. त्याचं आकारमान मोठं, म्हणून ते जास्त पाणी सारतं.)
४) ‘जड वस्तू पाण्यात ______.’ हा प्रश्न चुकीचा का आहे, ते दोन उदाहरणं देऊन लिहा.

चौथा प्रश्न मी आता दरवर्षी देते. त्यात मुलांना पूर्ण गुण मिळतात तेव्हा मला माझी ती लाल फुली आठवते. आपल्या वर्गातलं एखादं उत्तर पुस्तकाशी जुळत नसेल तर फुली मारण्याआधी एकदा विचारू या, “तू हे कुठे पाहिलंस?” उत्तर कदाचित एखाद्या विहिरीतून येईल.

आणि पालकांनो, या रविवारी मुलांबरोबर एक रिकामा कॅन शोधा, दोर बांधा आणि जवळच्या पाण्याच्या काठावर टांगा. कधी लागू नये अशीच प्रार्थना. पण तिथे असावा.